रोझ, शुगर की सेलिब्रेशन: एकच बोल सामना बघायचा असेल तर कोणता?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या (आपला सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) बोल सामन्यांचा, म्हणजे नेहमीचा हंगाम संपल्यावर होणाऱ्या मानाच्या सामन्यांचा, हंगाम असतो. सामने चाळीसच्या आसपास असतात. तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांना, आणि सुट्टीत त्यांच्याकडे गेलेल्या आई-वडिलांनाही, त्यातला एखादा तरी स्टेडियममध्ये बसून पाहावासा वाटतो. वेळ आणि पैसा मात्र बहुतेकांकडे एकाच सामन्यापुरता असतो. अशांसाठी मी इथे तीन सामने शेजारी-शेजारी ठेवले आहेत: पॅसाडिनाचा रोझ बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल आणि अटलांटाचा सेलिब्रेशन बोल.

हे तीनच का, तर तिघांमागची कल्पना एक आहे. कॉन्फरन्स म्हणजे हंगामभर मुख्यतः आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. अशा दोन कॉन्फरन्स करार करतात, की हंगाम संपल्यावर तुमचा सर्वोत्तम संघ आणि आमचा सर्वोत्तम संघ ठरलेल्या जागी भिडतील. दोन तालमींनी जत्रेतली मानाची कुस्ती आधीच ठरवून ठेवावी, तसा हा प्रकार. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हा शब्द आज पूर्ण पाळणारा सामना या तिघांत एकच आहे, आणि तो सर्वांत कमी गाजणारा आहे: सेलिब्रेशन बोल. तरीही प्रत्येकाने तोच निवडावा असं मी म्हणणार नाही.

रोझ बोलपासून सुरुवात करू, कारण ही प्रथा तिथेच रुजली. पहिला सामना १९०२ साली झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असं धुतलं. १९१६ पासून तो दरवर्षी होतो. १९४६ मध्ये मध्य-पश्चिमेकडची बिग नाईन, म्हणजे आजची बिग टेन, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स यांच्यात करार झाला. १ जानेवारी १९४७ ला इलिनॉयने यूसीएलएला ४५–१४ असं हरवलं आणि पुढची पन्नासएक वर्षं ही जोडी अभंग राहिली. बर्फात गारठलेल्या ओहायो-मिशिगनच्या लोकांनी नव्या वर्षाच्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या उन्हात येऊन बसायचं, हे त्या भागातल्या घराघरांचं स्वप्न होतं.

पुढे राष्ट्रीय विजेता ठरवण्याची पद्धत बदलत गेली आणि करार सैल होत गेला. २००२ मध्ये मायामी आणि नेब्रास्का खेळले. दोघंही या दोन कॉन्फरन्सचे नव्हते. खरा घाव २०२४ मध्ये बसला. यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, बाकीचेही पांगले, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पॅक-१२ मध्ये, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोनच संघ उरले. १ जानेवारी २०२५ चा रोझ बोल ओहायो स्टेटने ओरेगनविरुद्ध ४१–२१ असा जिंकला, आणि त्या दिवशी मैदानावरचे दोन्ही संघ बिग टेनचेच होते. जुन्या पद्धतीची शेवटची लढत २ जानेवारी २०२३ ची, पेन स्टेट ३५, यूटा २१. दोन कॉन्फरन्सची परंपरा पाहायला म्हणून कोणी आता पॅसाडिनाला जाणार असेल, तर ती तिथे राहिलेली नाही.

जागा मात्र राहिली आहे, आणि तिचं मोल मी जराही कमी करणार नाही. १९२२ साली बांधलेलं उघडं स्टेडियम, पाठीमागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, आणि सामना पुढे सरकत असताना त्या डोंगरांवर उतरत जाणारं ऊन. सकाळी कोलोरॅडो बुलेव्हार्डवर रोझ परेड निघते. १८९० पासूनची ही मिरवणूक फुलं, पानं आणि बियांनी मढवलेल्या चित्ररथांची असते. रस्त्याच्या कडेला उभं राहून ती फुकट पाहता येते. जागा धरण्यासाठी लोक रात्रीच फुटपाथवर पथाऱ्या टाकतात. सोबतच्या आईला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नसला तरी तिचा दिवस वाया जात नाही. बाकी दोन्ही सामन्यांजवळ याला तोडीस तोड असं काही नाही. एक लक्षात ठेवा: १ जानेवारीला रविवार आला की परेड आणि सामना दोन्ही २ तारखेला होतात.

शुगर बोलची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं जास्त शिकवणारीही. १८ मे २०१२ रोजी एसईसी आणि बिग ट्वेल्व्ह या दोन बलाढ्य कॉन्फरन्सनी जाहीर केलं, की २०१४ च्या हंगामापासून आमचे विजेते एका नव्या सामन्यात भेटतील. राष्ट्रीय विजेता ठरवणारी चार संघांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, येऊ घातली होती, आणि रोझ बोलसारखं हक्काचं स्थान आपल्याकडेही हवं, हा त्यामागचा हिशेब. सामन्याला तात्पुरतं ‘चॅम्पियन्स बोल’ म्हटलं गेलं. जागेसाठी शहरांची चढाओढ लागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सची निवड झाली. नवा सामना जन्मण्याऐवजी १९३५ पासून चालत आलेल्या शुगर बोललाच १२ वर्षांचा करार मिळाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार ईएसपीएनने प्रक्षेपणासाठी दरवर्षी सुमारे ८ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, रोझ बोलइतकेच.

आता त्या कराराचं प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. प्लेऑफची उपांत्य फेरी काही वर्षी शुगर बोलमध्येच होई. ती नसलेली वर्षं धरली, तर २०१६ ते २०२२ या काळात दोन कॉन्फरन्समध्ये सहा लढती झाल्या. तीन एसईसीने जिंकल्या, तीन बिग ट्वेल्व्हने. बरोबरी सुंदर, पण या सहांपैकी एकाही लढतीत दोन विजेते समोरासमोर आले नाहीत. एसईसीचा विजेता दर वेळी प्लेऑफमध्ये गेला आणि इथे त्या कॉन्फरन्सचा मागचा एखादा संघ आला. ओक्लाहोमा, बेलर आणि कॅन्सस स्टेट आपल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून उतरले, पण समोरचा संघ विजेता नव्हता. बिग ट्वेल्व्हला मिळालेल्या तीन विजयांपैकी दोन ओक्लाहोमा आणि टेक्सासचे, आणि हे दोघंही २०२४ पासून एसईसीत आहेत. विजेत्यांची भेट घडवण्यासाठी केलेला करार पैशाच्या बाबतीत यशस्वी झाला. ज्या भेटीसाठी तो केला, ती घडली नाही. २०२४ च्या हंगामापासून बारा संघांची प्लेऑफ आली, शुगर बोल तिची उपांत्यपूर्व फेरी झाला, आणि २ जानेवारी २०२५ ला तिथे जॉर्जियाला २३–१० असं हरवणारा नॉत्र डेम तर कोणत्याच फुटबॉल कॉन्फरन्सचा सदस्य नाही.

मग शुगर बोलला जायचं कोणी? ज्याचं विद्यापीठ त्यात खेळतंय त्याने, आणि ज्याला फुटबॉलची सर्वांत वरची पातळी पाहायची आहे त्याने. प्लेऑफची बाद फेरी असल्याने खेळात कमालीची चुरस असते आणि सुपरडोममध्ये छताखाली आवाज अक्षरशः छातीत घुमतो. फ्रेंच क्वार्टरमधून स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं, त्यामुळे गाडी लागत नाही. तिकीट मात्र तिघांतल्या महागड्या दोघांपैकी एक.

सेलिब्रेशन बोलमागची दोन नावं भारतात फारशी कोणाला माहीत नाहीत: मीॲक आणि स्वॅक. अमेरिकेत वंशभेदाने इतर कॉलेजांची दारं बंद असताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी जी विद्यापीठं उभी राहिली, त्यांच्या या कॉन्फरन्स. मीॲक पूर्व किनाऱ्याकडची, स्वॅक मुख्यतः दक्षिणेची. दोघींच्या विजेत्यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकात हेरिटेज बोलने केला होता, पण तो १९९९ नंतर टिकला नाही. २०१५ मध्ये ईएसपीएनच्या साथीने सेलिब्रेशन बोल उभा राहिला. त्यासाठी मीॲकने आपल्या विजेत्याची राष्ट्रीय प्लेऑफमधली (वरची नव्हे, या संघांच्या एक पायरी खालच्या विभागाची) हक्काची जागा सोडली. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्यावर वादही झाला. पण प्लेऑफमध्ये त्यांचा विजेता अनेकदा पहिल्याच फेरीत, मोजक्या प्रेक्षकांसमोर बाहेर पडत असे. त्याऐवजी त्यांनी देशभर दिसणारा, आपल्या लोकांनी भरलेला एक दिवस निवडला. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं.

कारण इथे शब्द पाळला जातो. मीॲकचा विजेता आणि स्वॅकचा विजेता येतात, मधे दुसरी कोणती फेरी येऊन त्यांना उचलून नेत नाही. २०२४ पर्यंतच्या नऊ सामन्यांत मीॲकने सहा जिंकले, स्वॅकने तीन (२०२० चा सामना कोविडमुळे झाला नाही). आणि सामने काय रंगले! २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलने अखेरच्या मिनिटांत टचडाउन केलं (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, सहा गुण), आनंदाच्या भरात खेळाडूने हेल्मेट काढलं, १५ यार्डांचा दंड बसला, लांबून मारावी लागलेली बरोबरीची किक अडवली गेली आणि ग्रॅम्बलिंग १०–९ असं जिंकलं. २०२२ मध्ये जॅक्सन स्टेटच्या ट्रॅव्हिस हंटरने वेळ संपता संपता टचडाउन करून बरोबरी साधली, तरी जादा वेळेत सेंट्रलने सामना ४१–३४ असा घेतला. डिऑन सँडर्स तेव्हा जॅक्सन स्टेटचे प्रशिक्षक होते, आणि हाच हंटर दोन वर्षांनी हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला.

खेळाचा दर्जा रोझ किंवा शुगरइतका नसतो, हे स्पष्ट सांगायला हवं. हे संघ एक पायरी खालच्या विभागात खेळतात. बचाव फळीतला ढिलेपणा आणि हुकलेल्या किक दिसतात. पण हाफटाइमला इथे कोणी जागेवरून उठत नाही. या विद्यापीठांचे मार्चिंग बँड त्यांच्या संघांइतकेच, कधीकधी जास्तच, प्रिय असतात. ढोल-ताशा पथकं पाहत वाढलेल्या माणसाला ती शिस्त आणि तो जोश कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मराठी वाचकासाठी अटलांटाला जाण्याचं आणखी एक कारण आहे. मर्सिडीज-बेंझ स्टेडियमच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर अटलांटा युनिव्हर्सिटी सेंटरचा, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या कॉलेजांच्या समूहाचा, परिसर लागतो. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस इथल्या अटलांटा विद्यापीठात अनेक वर्षं शिकवत होते. याच डु बॉइसना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याची जी खटपट चालली होती, तिची कागदपत्रं त्यांनी मागवली होती. शेजारीच मोरहाउस कॉलेज आहे, जिथे मार्टिन ल्यूथर किंग शिकले. सामन्याच्या आदल्या दिवशी इथे एक फेरी मारली, तर स्टेडियममधली ती गर्दी कुठून आली आहे हे कळतं.

व्यवहाराच्या बाजूनेही सेलिब्रेशन बोल हलका पडतो. तो डिसेंबरच्या मध्यावर शनिवारी असतो, म्हणजे परीक्षा आटोपलेल्या, भारतात निघण्याआधी एक-दोन दिवस हाताशी असलेल्या विद्यार्थ्याला सोयीचा. विमानतळावरून मार्टा रेल्वेने, फाइव्ह पॉइंट्सला गाडी बदलून, व्हाइन सिटी स्थानकापर्यंत जाता येतं. नव्या वर्षाच्या आठवड्यातली महाग विमानं आणि हॉटेलं टळतात. सामना तिथल्या दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा पुण्या-नागपुरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. रोझ बोलच्या वेळी घरचे गाढ झोपेत असतात.

आई-वडील सोबत असतील आणि हा प्रवास आयुष्यात एकदाच होणार असेल, तर मी पॅसाडिना सुचवेन. परेड आणि ते स्टेडियम यांसाठी, कोण खेळतंय याची चिंता न करता. तुमच्या विद्यापीठाचा संघ प्लेऑफमध्ये असेल तर तो जिथे जाईल तिथे जा, हा आढावा बाजूला ठेवा. एकटे किंवा मित्रांबरोबर असाल आणि दोन कॉन्फरन्स एकमेकींशी काय बोलून जातात ते पाहायचं असेल, तर अटलांटा.

रोझ आणि शुगरचे संघ उशिरा ठरतात, उपांत्यपूर्व फेरीतला एक प्रतिस्पर्धी तर पहिली फेरी संपल्यावर कळतो. म्हणून राहण्याची जागा आधी धरा, तिकीट नंतर घ्या, आणि दोन्ही रद्द करता येतील अशी निवडा. १ जानेवारी २०२५ च्या पहाटे न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर हल्ला झाला, माणसं मारली गेली आणि शुगर बोल एक दिवस पुढे ढकलावा लागला. त्या दिवशी परतीचं विमान असलेल्यांना सामना सोडावा लागला असेल. परतीचा प्रवास सामन्यानंतर निदान एक दिवस सोडून ठेवा. पाठीवरची सॅक तिन्ही ठिकाणी आत नेता येत नाही, लहान पारदर्शक पिशवी लागते. आणि पॅसाडिनात दुपारी कितीही ऊन असलं तरी सूर्य डोंगराआड गेला की थंडी पडते, तेव्हा आईची शाल त्या पिशवीत न घालता अंगावरच असू द्या.