दोन क्रांत्यांचा कोर्स: काही महिने वापरल्यानंतर

राजकीय क्रांत्या आणि औद्योगिकीकरण यांतून आधुनिक समाज कसा घडला, या विषयावरचा एक रेकॉर्डेड कोर्स गेले काही महिने वापरते आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक या विषयावरच्या कुठल्याही कोर्सला लागू पडतील. व्हिडिओ, मूळ कागदपत्रांचा विभाग, सरकता कालपट आणि प्रत्येक धड्यानंतर प्रश्नमंजूषा, असा एकूण ऐवज आहे.

पहिली सूचना: धडे दिलेल्या क्रमाने बघू नका. कोर्सवाल्यांनी पहिल्या निम्म्यात फ्रान्स उरकलाय आणि दुसऱ्या निम्म्यात इंग्लंड. आधी बास्तीय, मानवी हक्कांचा जाहीरनामा, गिलोटिन, नेपोलियन. मग वाफ, कापूस, रेल्वे. अशाने तिकडे लोक राजाशी भांडत होते आणि इकडे यंत्रं बनवत होते, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असंच वाटत राहतं. कालपटावर दोन्ही देशांच्या रांगा एकाखाली एक लावायची सोय आहे, पण ती सेटिंग्जमध्ये कुठेतरी दडवून ठेवली आहे. ती आधी शोधून चालू करा.

मग काय दिसतं बघा. वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट आणि आर्कराइटचं सूतकताईच्या यंत्राचं पेटंट, दोन्ही १७६९ची. क्रॉमफर्डची पाण्यावर चालणारी सूतगिरणी १७७१ची. म्हणजे ५ मे १७८९ला व्हर्सायमध्ये इस्टेट्स जनरलची, म्हणजे फ्रान्सच्या तीन वर्गांच्या प्रतिनिधी सभेची बैठक भरली आणि क्रांतीला तोंड फुटलं, तेव्हा कारखाना नावाची गोष्ट इंग्लंडमध्ये अठरा वर्षं जुनी झाली होती.

पण या मांडणीतून खरा हाती लागतो तो १७९१चा जून. त्या वर्षी मार्चमध्ये फ्रान्सने कारागिरांच्या जुन्या धंदेवार संघटना, म्हणजे गिल्ड, मोडीत काढल्या. कुणीही कुठलाही धंदा करावा, मक्तेदारी संपली. पॅरिसच्या सुतारांनी याचा सरळ अर्थ घेतला आणि मजुरी वाढवून मागायला एकत्र आले. त्यावर १४ जूनला ल शापलिये कायदा आला. त्याचा मजकूर कागदपत्रांच्या विभागात आहे, जरूर वाचा. एकाच धंद्यातल्या लोकांनी जमून अध्यक्ष नेमायचा नाही, चिटणीस नेमायचा नाही, वही ठेवायची नाही, ठराव करायचे नाहीत. युनियन म्हणजे जे जे काही, ते एकेक करून खोडलेलं आहे. आणि हे सगळं स्वातंत्र्याच्या नावाने: नागरिक आणि राष्ट्र यांच्यामध्ये तिसरं कुणी नको! इंग्लंडने १७९९ आणि १८००मध्ये कामगारांच्या एकजुटीवर बंदी घातली, तीही फ्रेंच क्रांतीचं लोण आपल्याकडे येईल या धास्तीने. दोन देश एकमेकांशी लढताहेत आणि कामगाराच्या बाबतीत मात्र कायदा जवळपास एकच. इंग्लंडमधली बंदी १८२४ला उठली. फ्रान्समध्ये संपाला मोकळीक १८६४ला मिळाली आणि संघटनेला थेट १८८४ला.

माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे. क्रांतीने माणसाला जातकुळी, गिल्ड, सरंजाम यांतून सोडवून एकटा, मोकळा नागरिक केला. आणि गिरणीला दारात हवा होता तो असाच एकटा माणूस. प्राध्यापक हे कधीच सलग बोलत नाहीत. पहिला अर्धा भाग एका व्हिडिओत आहे, दुसरा कितीतरी पुढच्या व्हिडिओत.

कागदपत्रांच्या विभागासाठी मात्र पैकीच्या पैकी गुण. १८३२मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे झालेल्या साक्षींपैकी लीड्सच्या एलिझाबेथ बेंटलीची साक्ष तिथे आहे. वय तेवीस. सहाव्या वर्षी जवसाच्या धाग्याच्या (लिननच्या) गिरणीत लागली. काम डॉफरचं: भरलेल्या बाबिणी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. हंगामात पहाटे पाच ते रात्री नऊ, जेवायला दुपारी चाळीस मिनिटं. प्रश्न तुटक, उत्तरं त्याहून तुटक, कुठेही रडगाणं नाही. याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने कापडगिरण्यांच्या मँचेस्टरला संसदेत स्वतःचे प्रतिनिधी मिळाले, पण मत मिळालं मालमत्ता असलेल्या मध्यमवर्गाला. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि अंमलबजावणीला अख्ख्या देशासाठी चार निरीक्षक नेमले. चार!

सगळ्यात आवडलेला धडा घड्याळावरचा. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. कष्टकऱ्याच्या दृष्टीने हिशेब सोपा होता, सुट्टी सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी. लोकांनी ते मनावर घेतलं नाही आणि १८०६च्या १ जानेवारीपासून जुनं कॅलेंडर परत आलं. उलट इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४०मध्ये आपल्या मार्गावर लंडनची वेळ लावली. स्थानिक वेळेने लंडनच्या दहा मिनिटं मागे चालणारं ब्रिस्टल कुरकुरत का होईना, जुळवून घेत गेलं. देशभर एकच वेळ कायद्याने १८८०ला झाली, तोवर गाड्यांनी काम करून टाकलं होतं. हुकमाने जे जमलं नाही ते वेळापत्रकाने करून दाखवलं, हे प्राध्यापकांचं वाक्य नव्हे, माझं. पण श्रेय त्यांच्या मांडणीला.

आता राग. हैतीला एक स्लाइड. एक! १७९१च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँगच्या, म्हणजे फ्रान्सची वसाहत असलेल्या आजच्या हैतीच्या गुलामांनी उठाव केला, १७९४ला फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, १८०२ला नेपोलियनने ती परत आणली, आणि १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झालं. त्यानंतर १८२५ला त्याच हैतीकडून फ्रान्सने १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. आकडा पुढे ९ कोटींवर आणला तरी कर्ज मानगुटीवर बसलंच. ‘सर्व माणसं समान’ या घोषणेची खरी परीक्षा इथे झाली आणि कोर्स तिथून पाय न वाजवता निघून जातो. मँचेस्टरच्या कापसाचंही तेच. अमेरिकेत १७९३ला सरकी काढायचं यंत्र आलं आणि गुलामांच्या श्रमावरची कापूसशेती फोफावली, हे एका वाक्यात. भारतीय छापील कापडावर इंग्लंडने १७०० आणि १७२१ला घातलेली बंदी तर नाहीच.

प्रश्नमंजूषा टाकाऊ आहे. सगळा भर सनावळीवर, आणि जिथे विचार करायला वाव आहे तिथे उत्तरच ठोकळेबाज. लुडाइट, म्हणजे यंत्रं फोडणारे इंग्लिश कामगार, कोण, तर ‘यंत्रांना घाबरणारे’. नॉटिंगहॅमशरच्या मोजेविणकरांना यंत्राचं भय कसलं, ते स्वतः मागावरच काम करायचे. कमी मजुरी देणाऱ्या आणि निकृष्ट माल काढणाऱ्या मालकांचे माग त्यांनी वेचून फोडले, आणि १८१२ला संसदेने त्याला फाशीची शिक्षा लावली. ‘मजुरीचा वाद’ निवडलंत तर लाल फुली मिळते.

बाकी किरकोळ: सबटायटल्समध्ये फ्रेंच नावांचे हाल, फोनवर कालपट वाचताना डोळे फुटतात, आणि ‘आज अभ्यास नाही?’ अशी नोटिफिकेशनं आधी बंद करा. परीक्षेसाठी झटपट नोट्स हव्या असतील तर या वाटेला जाऊ नका. मी वर्गणी पुढे चालू ठेवली आहे ती कागदपत्रांसाठी; सध्या चार्टिस्टांच्या, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश कामगार चळवळीच्या, सहा मागण्यांवर आहे. त्यातल्या पाच पुढे ब्रिटनमध्ये कायदा झाल्या, दरवर्षी निवडणूक ही सहावी तेवढी राहिली. हा भाग नव्या लोकांनी अगदी पहिल्या आठवड्यात उघडला तरी चालेल, आधीचं काही अडत नाही.