एकटंच जायचंय: वासोटा की हरिश्चंद्रगड?

मागच्या आठवड्यात एका मित्राने विचारलं की दोन दिवस कुणाशी न बोलता जंगलात राहायचंय, वासोटा किल्ल्यावर जाऊ की हरिश्चंद्रगडला. मी दोन्हीकडे एकटा गेलोय म्हणून सांगतो.

जंगल बघायचं तर वासोटा, वादच नाही. कोयना अभयारण्याचं जंगल, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, नशीब असेल तर गवा दिसतो, अस्वल न दिसलेलंच बरं. बामणोलीहून शिवसागर जलाशयात तासदीड तास बोट चालते, आजूबाजूला फक्त डोंगर आणि पाणी, माणसांची वस्ती धरणात गेली ती गेलीच. पण गंमत अशी की बोट अख्खी ठरवावी लागते, म्हणजे एकट्या माणसाने एकतर सगळे पैसे मोजायचे नाहीतर कुठल्यातरी ग्रुपच्या गळ्यात पडायचं. मी दुसरं केलं आणि जाताना पूर्ण वेळ एका ऑफिसच्या पिकनिकच्या अंताक्षरीत अडकलो. मग वनखात्याची परवानगी, पायथ्याच्या मेट इंदवली गावात बॅगेतलं प्लास्टिक मोजणार, आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत, मुक्काम नाहीच. पावसाळ्यात तर बंद. हे नियम आहेत म्हणूनच जंगल टिकलंय, तक्रार नाही, पण नागेश्वराच्या गुहेकडे बघत बसलो असताना माझं अर्धं लक्ष घड्याळातच होतं.

हरिश्चंद्रगडचं उलटं. पायथ्याच्या पाचनई गावातून दोनतीन तासात वर, वाटही सोपी, वर गुहा आहेत, बोटवाला खाली वाट बघत नसतो त्यामुळे परतायची घाई नाही. पण शनिवारी रात्री गेलात तर कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या त्या प्रचंड कड्यावर, तंबूंची कॉलनी आणि ब्लूटूथ स्पीकर, त्यापेक्षा घरी गच्चीवर झोपा. मी नोव्हेंबरात मंगळवारी गेलो होतो. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरलो, इतकं गार की ओरडलो आणि ऐकायला कुणीच नव्हतं, तेव्हा एकदम लक्षात आलं की आज आपण खरंच एकटे आहोत. चार खांबांपैकी एकच धड उभा आहे त्या गुहेत, तोच बघत बराच वेळ थांबलो. संध्याकाळी कड्यावर पोटावर झोपून खाली वाळलं पान टाकलं तर वाऱ्याने ते उचलून माझ्या डोक्यावरून मागे नेलं. मग पंधरा मिनिटं तोच उद्योग केला, वय वर्षं एकेचाळीस! रात्री मात्र झोप धड लागली नाही, तंबूबाहेर काहीतरी खुरखुर करत होतं, सकाळी कळलं गावातलं कुत्रं. सकाळी परत कड्यावर, इंद्रवज्राच्या, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्याच्या आशेने, इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्सला ते इथेच दिसलं होतं म्हणतात. मला नुसतं धुकं दिसलं.

तर दोनपैकी एक निवडायचं म्हणजे मला जंगल वासोट्याचं आवडलं पण मोकळं हरिश्चंद्रगडावर वाटलं. रजा फक्त शनिवार-रविवार मिळत असेल तर वासोट्याला जा, गर्दी असली तरी संध्याकाळी सगळ्यांना खाली हाकलतात. मधल्या वारी सुट्टी टाकता येत असेल तर डोळे झाकून हरिश्चंद्रगड, फक्त मुक्कामाचं पाचनईत आधी विचारून घ्या, घरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा आणि नळीची वाट, म्हणजे कोकणकड्याजवळच्या घळीतून चढणारी अवघड वाट, एकट्याने अजिबात करू नका. हिवाळ्यात वारा हाडात शिरतो, कानटोपी न्या.

मित्राने काय ठरवलं विचाराल तर तो बायकोला घेऊन महाबळेश्वरला गेला.