कोईच्या तळ्यात जाळीची कुंडी: घेण्याआधी वाचा

वॉटर लिलीसाठी बाजारात सगळ्यात सहज मिळते ती काळ्या प्लास्टिकची जाळीदार कुंडी. तोंड साधारण १२ ते १४ इंच, बाजूंना आणि तळाला भोकं. तळ्यात गप्पी किंवा मॉली असतील तर ती उत्तम चालते. कोई असतील तर घेऊ नका.

कोई हा कार्प जातीचा मासा. गाळ तोंडात ओढायचा, खाण्याजोगं ठेवायचं, बाकीचं थुंकायचं, हीच त्याची चरण्याची रीत. ओठांजवळच्या मिशांनी तो जाळीचं एकेक भोक चाचपतो, मग ओठ टेकवून माती ओढतो, आणि पाण्यात गढूळ रेघ पसरत जाते. भोकांतून डोकावणारी पांढरी कोवळी मुळं तर तो हमखास तोडतो. माती खचली की गड्डा, म्हणजे लिलीचं मातीतलं जाड खोड, मोकळा होतो आणि एखाद्या सकाळी अख्खं झाड तरंगताना दिसतं. त्याआधीच पानं खुरटलेली असतात, म्हणून लोक खत वाढवतात. ते खतही त्याच भोकांतून पाण्यात उतरतं आणि तळं हिरवं होतं.

जाळीमुळे मुळांना हवा मिळते, असं विकताना सांगतात. लिलीला त्याची गरज नाही. पानाचा देठ आडवा कापून पाहा, आत हवेच्या नळ्या स्पष्ट दिसतात. मुळांना हवा पानांकडून, त्या नळ्यांतूनच पोचते. कुंडीला आतून गोणपाट लावायचा उपाय काही महिनेच टिकतो, कारण गोणपाट पाण्यात कुजतो.

याहून कितीतरी चांगलं म्हणजे बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं, १६ इंचांच्या आसपासचं, बिनभोकाचं. थंडी सोसणाऱ्या लिलींचा गड्डा आडवा सरकत वाढतो, त्यामुळे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची.

भरायला पोयट्याची जड माती घ्या, थोडी काळी माती मिसळली तरी चालेल. कोकोपीट, परलाइट, गांडूळखत नको: हलकं ते तरंगतं, सेंद्रिय ते कुजतं. कच्चं शेण तर अजिबात नको. ते पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि पहाटे कोई पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. माती ओली करून थराथराने दाबा, वर दीड-दोन इंच जागा सोडा. आडवा गड्डा कडेला टेकवून साधारण ४५ अंशांत लावा, वाढता डोळा घमेल्याच्या मध्याकडे आणि मातीच्या वर. उष्ण प्रदेशातल्या लिलींचा गोल कंद मात्र मधोमध लावायचा.

आता दगड. बारीक खडी कोई तोंडात घेतो, कधी ती घशाशी अडकते. तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या कोईच्या तोंडात मावणार नाहीत असे नदीतले गुळगुळीत गोटे घ्या, मोठ्या माशांसाठी ३ इंचांचे. मातीवर ते एकमेकांना चिकटून मांडा. डोळा झाकू नका.

घमेलं पाण्यात सोडताना किंचित तिरकं धरून हळूहळू बुडवा, म्हणजे अडकलेली हवा माती उसळवत बाहेर येणार नाही. सुरुवातीला घमेलं विटांवर ठेवा, डोळ्यावर ६ इंच पाणी पुरे. पानं वर आली की खालच्या विटा एकेक काढत दीड फुटापर्यंत न्या. विटा भाजलेल्या मातीच्या हव्यात; नव्या सिमेंटच्या ठोकळ्यांतून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच चढतो. जागा ५-६ तास उन्हाची, कारंज्याच्या तुषारांपासून लांब.

एवढं करूनही कोवळी पानं कोई कुरतडतात. पहिले दोन महिने घमेल्याभोवती एक इंची भोकांच्या प्लास्टिक जाळीचं कडं उभं करा, पाण्याबाहेर ४-५ इंच येईल इतकं उंच. कापलेल्या कडा दुमडा, नाहीतर माशांचे खवले खरवडतात. जस्ताचा मुलामा असलेली तार वापरू नका, जस्त माशांना घातक असतं.

खताच्या गोळ्या वाढीच्या दिवसांत दर ३-४ आठवड्यांनी द्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून ३ इंच खोल खोचा आणि भोक मातीने बुजवा. वरवर ठेवलेली गोळी कोई उकरून काढतो. पानांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, खाली पडलेला मावा मासेच खातात. कीटकनाशक नको, त्यातले पायरेथ्रॉइड अगदी थोड्या मात्रेतही मासे मारतात.

जाळीच्या कुंडीला कोईच्या तळ्यासाठी ५ पैकी दीड गुण, घमेल्याला साडेचार. अर्धा गुण कापला तो वजनासाठी: ओल्या मातीने आणि गोट्यांनी भरलेलं घमेलं उचलायला दोन माणसं लागतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी गड्डा विभागायला ते बाहेर काढावंच लागतं.