नऊ महिन्यांचा सभासद: आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा अनुभव

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी सातारा जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी राहावयास आलो आणि गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात येथील सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झालो. अनामत रक्कम ५०० रुपये, मासिक वर्गणी ६० रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, पुस्तक पंधरा दिवसांत परत करावयाचे आणि त्यानंतर दररोज एक रुपया विलंब शुल्क, असे येथील नियम आहेत. वाचनालय ‘अ’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे आहे; महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली ते मान्यताप्राप्त असून त्याला शासनाचे अनुदान मिळते. गावात या संस्थेविषयी चांगले बोलले जाते, परंतु ते मुख्यतः तिच्या कार्यक्रमांविषयी. व्याख्याने, जयंत्या, ग्रंथप्रदर्शने यांची छायाचित्रे स्थानिक वर्तमानपत्रांत नियमित येतात. पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदाला या संस्थेचा उपयोग किती होतो, याविषयी मात्र कोणी लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा अनुभव.

प्रथम देवघेव विभागाविषयी. कपाटे सभासदांना खुली नाहीत. भिंतीलगतच्या उंच मेजावर विषयवार याद्यांच्या जाड वह्या ठेवलेल्या आहेत. त्यांतून दाखल क्रमांक शोधून तो चिठ्ठीवर लिहावयाचा, चिठ्ठी खिडकीत द्यावयाची आणि सहायक काका आतून पुस्तक आणून देईपर्यंत बाकावर बसावयाचे. एका चिठ्ठीवर पाच क्रमांक लिहावेत असा जुन्या सभासदांचा सल्ला आहे आणि तो अनुभवाअंती योग्य ठरला, कारण पाचांपैकी दोन पुस्तके बाहेर गेलेली असतात, एक बांधणीला गेलेले असते आणि एक जागेवर सापडत नाही. संगणकावर नोंदी करण्याचे काम काही वर्षांपूर्वी सुरू झाले, परंतु ते निम्म्यावर थांबलेले दिसते. परिणामी संगणक एखादे पुस्तक नाही म्हणतो, वही आहे म्हणते आणि पुष्कळदा वहीच खरी ठरते. नोंदवह्या तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मला याचा वैताग कमी आणि कुतूहलच अधिक वाटले, हे मान्य करतो. परंतु कामावरून घरी जाताना दहा मिनिटांसाठी डोकावणाऱ्या शिक्षिकेला किंवा दुकानदाराला अशा कुतूहलासाठी वेळ नसतो. जूनपासून मी प्रत्येक खेपेला किती वेळ लागला ते रोजनिशीत टिपत गेलो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत साधारण वीस ते पंचवीस मिनिटे लागत.

अशा पार्श्वभूमीवर १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आला. डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली या तारखेला झाला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाने १९३१ साली मांडलेली पाच सूत्रे सभागृहातील फलकावर सुंदर अक्षरांत लिहिली होती: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आठ सत्कार आणि तीन भाषणे असा तो सोहळा पावणेदोन तास चालला आणि तेवढा वेळ देवघेवीची खिडकी बंद होती, कारण कर्मचारी खुर्च्या लावण्यात व चहा देण्यात गुंतले होते. पुस्तक बदलण्यासाठी आलेले सहा सभासद जिन्यावरून परत गेले. चौथे सूत्र त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर होते. मी त्या संध्याकाळी सूचना वहीत इतकेच लिहिले की कार्यक्रमाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी आणि ज्या विषयाचा कार्यक्रम असेल त्या विषयाची पुस्तके सभागृहात एका टेबलावर मांडून तेथेच देण्याची सोय करावी.

सूचना वहीतील मजकूर कोणी वाचत नसेल अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. आठवड्याने ग्रंथपाल मॅडमनी मला बोलावून घेतले आणि अडचणी सांगितल्या. मंजूर कर्मचारी चार आणि प्रत्यक्षात काम करणारे तीन. मानधन इतके तुटपुंजे की तरुण माणूस टिकत नाही. अनुदान येते ते हप्त्यांनी आणि उशिराने. मग त्या म्हणाल्या, “टेबल मांडते, पण त्या टेबलावर बसायला माणूस तुम्ही द्या.” तेव्हापासून अशा प्रत्येक कार्यक्रमात मी आणि आणखी एक निवृत्त गृहस्थ नोंदवही घेऊन बसतो. त्यामुळे पुढील निरीक्षणे पूर्णतः तटस्थ नाहीत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी दोन शाळांची मुले आणली गेली होती. पूर्वी अशा दिवशी मुलांकडून भाषणे पाठ करवून घेत. या वेळी बालविभागातील सव्वाशे पुस्तके सतरंजीवर पसरून ठेवली आणि अर्धा तास जे हवे ते वाचू दिले. वाचणे म्हणजे काय, तर पहिली पंधरा मिनिटे नुसती अदलाबदल आणि ओढाओढ चालली होती. नंतर हळूहळू आवाज कमी झाला. निघताना पुष्कळ मुलांनी पुस्तक घरी नेऊ का असे विचारले आणि तेथे आमची फजिती झाली. बाल सभासदासाठी पालकाची सही आणि आधार कार्डाची प्रत लागते, ती एकाकडेही नव्हती. कोरे अर्ज मुलांच्या दप्तरांत घालून पाठवले. नोव्हेंबरअखेर त्यांपैकी सतरा अर्ज भरून परत आले. मला हा आकडा थोडा वाटला. मॅडमच्या मते तो त्याआधीच्या दोन वर्षांतील एकूण बाल सभासदांपेक्षा मोठा होता.

दिवाळी अंक योजना हा मात्र या वाचनालयाचा निर्विवाद सर्वोत्तम उपक्रम आहे आणि त्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा वाचनालयांनी कशी जगवली आहे, हे खिडकीपाशी उभे राहिल्याशिवाय समजत नाही. आज चांगल्या अंकाची किंमत तीनशे ते पाचशे रुपये असते. घरी चार अंक घेणारे कुटुंबही आता विरळा. येथे योजनेची जादा वर्गणी २५० रुपये आहे आणि त्यात मार्चअखेरपर्यंत हवे तितके अंक वाचता येतात. अट एवढीच की एका वेळी एक अंक आणि तो चार दिवसांत परत. या वर्षी एकशे बारा अंक आले. अंक येताच त्यावर खाकी वेष्टन चढते, पाठीवर क्रमांक पडतो आणि मुखपृष्ठावरील सुंदर चित्र वाचकाला दिसेनासे होते, ही माझी एकमेव तक्रार. चार दिवसांच्या अटीमुळे खिडकीशी वर्दळ राहते, आणि वर्दळीमुळे जे घडते ते कोणत्याही चर्चासत्रात घडलेले मी पाहिलेले नाही: अंक परत करणारा माणूस पुढच्याला सांगतो की अमुक कथा वाचा, तमुक लेख सोडून द्या, भविष्याची पाने फाटली आहेत. डिसेंबरात एका आजींनी मला एका अंकातील दीर्घ कथेचा शेवट खिडकीपाशीच सांगून टाकला, त्याबद्दल मी त्यांना अद्याप क्षमा केलेली नाही. योजनेचे सभासद एकशे साठच्या घरात आहेत आणि त्यांतील बरेच जण वर्षभर अन्य पुस्तके नेत नाहीत. या लोकांना अंकांबरोबर त्याच लेखकाचे पुस्तक दाखवले तर ते नेतील का, हे पाहण्यासाठी जानेवारीपासून खिडकीजवळ पुस्तके मांडण्याचा एक छोटा घोडा ठेवला आहे. त्यावरील तीस-पस्तीस पुस्तकांपैकी निम्मी सतत बाहेर असतात.

कार्यक्रमांची माहिती सभासदांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था मात्र दीर्घकाळ विचित्र होती. वाचनालयाचा व्हॉट्सअॅप समूह आहे. त्यावर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री रंगीत निमंत्रण येते आणि त्यात प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक अशी वीस-बावीस नावे असतात, पण विषय बारीक अक्षरात आणि वेळ कधीकधी राहून गेलेली. नवीन कोणती पुस्तके आली, ही सभासदाच्या दृष्टीने एकमेव खरी बातमी त्यावर कधीच येत नसे. सप्टेंबरपासून दर शनिवारी नव्या पुस्तकांची यादी दाखल क्रमांकांसह समूहावर टाकली जाते आणि तीच हाताने लिहून प्रवेशद्वाराच्या फलकावरही लावली जाते. फलकावरील यादी अधिक वाचली जाते, असे माझे निरीक्षण आहे, कारण समूहावर सकाळी सहापासून सुप्रभातचे संदेश तिला गाडून टाकतात. आगाऊ मागणी नोंदवण्याची वहीदेखील त्याच सुमारास सुरू झाली.

ग्रंथखरेदीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते आणि खरेदीत तिचा विचार करावा लागतो. शिवाय १९७२ साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्यातून मिळालेली पुस्तके वेगळ्या शिक्क्यानिशी येतात. मी सहज म्हणून असा शिक्का असलेली चाळीस पुस्तके काढून त्यांच्या मागील तारीखपट्ट्या पाहिल्या. सव्वीस पट्ट्या कोऱ्या होत्या, म्हणजे ती पुस्तके कोणीही घरी नेलेली नव्हती. पुस्तके वाईट होती असे नाही. त्यांत जलसंधारण, रोपवाटिका, कुक्कुटपालन या विषयांची अत्यंत उपयुक्त पुस्तके होती, आणि आमच्या तालुक्यात ती वाचू शकणारे शेकडो शेतकरी आहेत. परंतु ते शेतकरी वाचनालयात येत नाहीत, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी ते गावात असतात त्या दिवशी, वाचनालयाची साप्ताहिक सुटी असते. ही सुटी बदलावी, असा अर्ज आम्ही अकरा सभासदांच्या सह्यांनी कार्यकारी मंडळाकडे डिसेंबरात दिला आहे. निर्णय झालेला नाही.

वरच्या मजल्यावरील अभ्यासिका हा वेगळाच संसार आहे. साठ जागा, मासिक शुल्क ३०० रुपये, पहाटे सहा ते रात्री अकरा. स्पर्धा परीक्षांची मुले-मुली आपापली पुस्तके घेऊन येतात आणि खालच्या दोन मजल्यांवर काय आहे याची त्यांना फिकीर नसते. मात्र राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूपाची करण्याचे ठरल्यानंतर निबंध आणि सामाजिक प्रश्नांवरील पुस्तकांना मागणी आली, आणि जुन्या वैचारिक ग्रंथांच्या कपाटाची किल्ली बऱ्याच वर्षांनी शोधावी लागली. अभ्यासिकेच्या शुल्कातून वीजबिल भागते, असे सांगतात. स्वच्छतागृह एकच असून साठ मुला-मुलींसाठी ते कोणत्याही हिशेबाने अपुरे आहे; विशेषतः मुलींची गैरसोय लाजिरवाणी आहे.

जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती आणि १४ ते २८ या काळात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा झाला. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे जयंतीला गर्दी होते. या वेळी भाषणांऐवजी पाच महिला सभासदांनी सावित्रीबाईंच्या कवितांचे अभिवाचन केले, अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपला आणि टेबलावरील एकोणीस पुस्तके गेली. पंधरवड्यातील निबंध स्पर्धा आणि शुद्धलेखनावरील व्याख्यान येथे टेबल नव्हते, कारण आम्ही दोघेही परगावी होतो. त्या दोन्ही दिवशी देवघेव नेहमीइतकीच झाली. एवढ्या लहान आकड्यांवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते, पण २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, काव्यवाचनाबरोबर कवितासंग्रहांचे टेबल लावले तेव्हा चौतीस पुस्तके गेली, आणि त्यांतील काहींच्या पट्टीवरची मागील तारीख दहा वर्षांपूर्वीची होती. कवितेला वाचक नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या कपाटाला कुलूप कोणी लावले होते याची चौकशी करावी.

किरकोळ बाबींत, पावसाळ्यात मागील खोलीला ओल येते आणि जुन्या मासिकांच्या बांधीव फायलींना बुरशी लागते; डांबराच्या गोळ्यांनी तिचे काही होत नाही. वाचनकक्षातील वर्तमानपत्रे वेळेवर लावली जातात, पंखे चालतात आणि बोलणाऱ्या ज्येष्ठांना गप्प करण्याचे धाडस काकांमध्ये आहे.

माझ्या रोजनिशीनुसार पुस्तक बदलण्यास आता सरासरी बारा मिनिटे लागतात. गेल्या आठवड्यात मी पुढील वर्षाची वर्गणी एकरकमी भरली, त्यात एका महिन्याची सूट मिळते. पावती देताना काकांनी माझी पाच क्रमांकांची चिठ्ठी पाहिली, त्यातील तिसऱ्या क्रमांकावर बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, हे बांधणीतून आलंय, पण चार लोक तुमच्या आधी आहेत.”