परतीच्या पावसात पर्जन्यमापक: दोन हंगामांचा अनुभव

करवीर तालुक्यातील आमच्या शेतावर परदेशी बनावटीचा प्लास्टिकचा पर्जन्यमापक बसवून आता दोन हंगाम झाले. तो मी जून-जुलैच्या पावसासाठी घेतलाच नव्हता. सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्र लागते आणि त्याच सुमारास सोयाबीन कापणीला येते, त्या दिवसांची मला चिंता असते. म्हणून हा अभिप्रायही तेवढ्याच काळापुरता आहे.

चार इंच व्यासाच्या नरसाळ्याखाली जी बारीक नळी आहे, तिचे क्षेत्रफळ नरसाळ्याच्या तोंडाच्या एक दशांश असल्यामुळे 1 मिलिमीटर पाऊस नळीत 10 मिलिमीटर उंच दिसतो आणि चष्मा घरी विसरला तरी वाचता येतो. नळी 25 मिलिमीटरला भरते. त्यापुढचे पाणी बाहेरच्या पात्रात सांडते आणि ते पुन्हा नळीत ओतून मोजावे लागते.

सोबतची पुस्तिका मात्र आपल्यासाठी लिहिलेली नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागासारख्या दमट उपोष्ण प्रदेशात पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, शरदात पारा उतरत जातो आणि ऑक्टोबर हा बहुधा कोरडा महिना ठरतो. तिथल्या हिशेबाने तिच्यात बर्फ पडू लागल्यावर नरसाळे काढून ठेवण्याची सूचनाही आहे. कोल्हापुरात याच्या उलट घडते. पावसाळी ढग हटले की ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ऑगस्टपेक्षा चढते, जमिनीत ओल असतेच, आणि तापलेली ओलसर हवा वर चढून संध्याकाळी विजांसह वळीव कोसळतो. जुलैचा पाऊस पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या बाजूने येतो. हा बहुधा पूर्वेकडून येतो आणि एका शिवारात चिखल, तर शेजारच्या शिवारात धूळ ठेवून जातो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्रावरचा आकडा आपल्या बांधाला लागू पडत नाही, तो यामुळेच. एवढ्या एका कारणासाठीही हे यंत्र घेण्यासारखे आहे.

त्याची खरी उणीव गेल्या ऑक्टोबरमध्ये कळली. कापलेल्या सोयाबीनवर ताडपत्री ओढेपर्यंत पाऊस कोसळला आणि तासाभरात थांबलाही. सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या मोजणीच्या वेळी, पाणी तीनदा ओतून मोजले तेव्हा 58 मिलिमीटर भरले. खात्याच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर झाल्याशिवाय पाऊस मुसळधार ठरत नाही. म्हणजे ज्या पावसाने ढिगाखालचा थर भिजवून शेंगांना कोंब आणले, तो कागदावर मध्यमच राहिला. एवढाच पाऊस दिवसभर रिमझिम पडला असता, तर ताडपत्री टाकायला सवड मिळाली असती. यंत्र किती पडले ते सांगते, किती वेळात पडले ते सांगत नाही.

किरकोळ तक्रारी दोन आहेत. मळणीचा भुसा उडून नरसाळ्याच्या भोकात बसतो, त्यामुळे ते रोज पुसावे लागते. शिवाय खांबाला धरणारे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजले आणि दुकानदाराने ते बदलून देण्यास नकार दिला. शेवटी पितळी स्क्रू मी पदरमोड करून बसवले. नळीला मात्र अजून तडा नाही आणि आकडेही पुसट झालेले नाहीत.

यंदा वहीत मिलिमीटरच्या शेजारी पाऊस लागल्याची आणि थांबल्याची वेळ लिहितो. सोबतच्या छापील तक्त्यात तो रकाना नव्हता, म्हणून पट्टीने आखून घेतला आहे.