साइक्सचे हायड्रोमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

संग्रहासाठी घेतलेले साइक्सचे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून मद्याची तीव्रता मोजायचे उपकरण, मी शोभेला न ठेवता गेले काही महिने प्रत्यक्ष वापरत आहे. ब्रिटनमध्ये 1816 च्या कायद्याने आबकारी करासाठी क्लार्कच्या उपकरणाऐवजी हे स्वीकारले गेले आणि 1980 मध्ये टक्केवारीची पद्धत येईपर्यंत टिकले. इतके आयुष्य का लाभले, हे वापरल्यावरच कळते.

पेटीत पितळी गोळा, त्यावरची चपटी दांडी, 10 ते 90 क्रमांकांची नऊ वजने आणि फॅरनहाइट तापमापक असतो. दांडीवर 0 ते 10 एवढीच मोजपट्टी आहे. गोळ्याखाली योग्य वजन अडकवून त्याचा क्रमांक दांडीवरील वाचनात मिळवायचा, म्हणजे 70 चे वजन आणि 1.4 चे वाचन असेल तर 71.4. हा आकडा म्हणजे तीव्रता नव्हे, उलट मद्य जितके सौम्य तितका तो मोठा येतो. तो आणि तापमान घेऊन कोष्टकात पाहावे लागते. माझ्या पेटीसोबत कोष्टक नव्हते, ते वेगळे मिळवावे लागले, कारण त्याविना हे उपकरण निव्वळ शोभेचे आहे.

मला सर्वाधिक आवडली ती दांडीच्या टोकावर बसणारी छोटी टोपी. 51 अंश फॅरनहाइटला प्रूफ मद्याचे, म्हणजे या पद्धतीतील प्रमाण तीव्रतेच्या मद्याचे, वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या बारा-तेरांश असते. म्हणून 60 चे वजन लावलेल्या उपकरणावर त्याच्या एकूण वजनाच्या एक-बारांश भाराची ही टोपी ठेवली, की ते ऊर्ध्वपातित पाण्यात प्रूफच्याच खुणेपर्यंत बुडते. पुण्याच्या हवेत त्यासाठी पाणी बर्फात ठेवून थंड करावे लागते, पण स्वतःची तपासणी स्वतःच्या पेटीत बाळगणारे उपकरण विरळाच. वजने मात्र त्याच संचातली हवीत.

आपल्याकडील अनेक बाटल्यांवर छापलेला 42.8 टक्के हा विचित्र आकडा याच पद्धतीचा वारसा आहे: 57.1 टक्के म्हणजे प्रूफ आणि त्याचा पाऊण हिस्सा म्हणजे 25 अंडर प्रूफ, अर्थात प्रूफहून 25 टक्के सौम्य. साध्या व्हिस्कीचे माझे वाचन छापील आकड्याच्या अगदी जवळ आले. गोड लिकरमध्ये मात्र साखरेने घनता वाढून मद्य प्रत्यक्षाहून सौम्य भासते. त्यासाठी नमुना ऊर्ध्वपातित करून पाण्याने मूळ आकारमानाला आणावा लागतो, आणि घरी ते करणे बेकायदा असल्यामुळे लिकर मी या पेटीजवळ आणतच नाही.