उंच ड्रायव्हर आणि एसी केबिनचा ट्रॅक्टर: खरीप-रब्बी काढल्यानंतरचा अनुभव

माझी उंची सहा फूट दोन इंच. राहतो इंदूरला, शेती सांवेरकडे. काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन, नंतर गहू आणि थोडे बटाटे. गेल्या उन्हाळ्यात पन्नासच्या वरच्या हॉर्सपॉवरचा, कारखान्यातूनच एसी केबिन बसून आलेला ट्रॅक्टर घेतला. आता गहूही निघाला. कल्टिव्हेटर, सीड ड्रिल, रोटाव्हेटर, बटाट्याचा प्लांटर आणि मंडीच्या फेऱ्या, सगळं या ट्रॅक्टरवर करून झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घेण्याआधी मी ज्या ज्या केबिनमध्ये बसून पाहिलं, तिथे थोड्याफार फरकाने हेच होतं.

एसीचं सगळेच विचारतात, म्हणून ते आधी उरकतो. चांगला आहे. मे महिन्यात रोटाव्हेटर मारताना धूळ नाकात जात नाही, आवाज खूप कमी होतो, आणि संध्याकाळी माणूस घरच्यांशी नीट बोलण्याच्या स्थितीत असतो. सोयाबीनच्या काढणीत मात्र छतावरचा कंडेन्सर भुशाने भरतो आणि गारवा एकदम उतरतो. रोज कॉम्प्रेसरने हवा मारावी लागते. केबिनचा फिल्टर झटकताना हवा आतल्या बाजूने बाहेर मारायची, नाहीतर धूळ कागदात आणखी रुतते. एसी बंद पडला तर मात्र ऑक्टोबरच्या उन्हात या काचांच्या खोलीत दहा मिनिटंही बसवत नाही.

आता मुख्य गोष्ट. उंच माणसाचे गुडघे स्टीअरिंगला लागतात. उघड्या ट्रॅक्टरवर त्याचा उपाय सोपा असतो. सीटखाली दोन इंचांची लोखंडी चौकट टाकून घ्यायची. माणूस वर जातो, मांड्यांना पुढे उतार मिळतो, गुडघे स्टीअरिंगच्या खालून सुटतात. वर फक्त छत्री, तीही हवी तेवढी उंच करून घेता येते. केबिनमध्ये ही मोकळीक संपते. सीट वर केली की डोकं छताला, खाली केली की गुडघा स्टीअरिंगला. मागे सरकावं तर मागची काच. म्हणजे उरलं काय? स्टीअरिंगच. ते किती आणि कुठे हलतं, यावरच सगळं अवलंबून.

शोरूममध्ये ‘अ‍ॅडजस्टेबल स्टीअरिंग’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा नुसतं टिल्ट असतं. कॉलम खालच्या एका पिनवर पुढे-मागे झुकतो. चाक छातीकडे येतं किंवा डॅशबोर्डकडे जातं, पण सरळ वर उचललं जात नाही. वर-खाली होणारं ते टेलिस्कोपिक, आणि उंच माणसाला खरी गरज त्याची. माझ्याकडे टिल्टच आहे. ते पूर्ण पुढे ढकललं की चाक आडवं होतं आणि गुडघ्याला जागा मिळते. पण मग हात लांबवावे लागतात आणि पाठ सीटची टेक सोडते. शेतातल्या सरळ ओळीत हे जाणवत नाही. जाणवतं शेताच्या टोकाला, जिथे एकाच वेळी क्लच दाबायचा, अवजार उचलायचं आणि चाक पूर्ण फिरवायचं असतं. क्लचवरून पाय वर येताना डावा गुडघा नेमका चाकाच्या कडेला लागतो. चाकावर फिरवायचा नॉब लावलेला असेल तर तोही त्याच वेळी तिथेच येतो. मी तो नॉब पहिल्या पेरणीतच काढून टाकला.

इतक्या महाग वस्तूत असं का, याचं उत्तर भोपाळला सापडतं. तिथल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतात काम करणाऱ्यांची मापं गोळा केलेली आहेत, आणि त्यात पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६३ सेंमी येते. म्हणजे पाच फूट चार इंच. आमचा ड्रायव्हर भेरू बरोबर तेवढाच आहे. तो बसला की केबिन त्याच्यासाठीच शिवलेली वाटते. बनवणाऱ्यांनी बहुसंख्यांचा विचार केला हे मला पटतं, पण टेलिस्कोपिक कॉलम निदान जादा पैसे देऊन तरी मिळायला हवा होता.

मी काय काय केलं ते सांगतो. सीटच्या रेलला, म्हणजे ज्या पट्टीवर ती सरकते तिला, खाली बोल्टची दुसरी भोकं होती. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, सर्व्हिसला आलेल्या मिस्त्रीला माहीत नव्हतं. ती वापरून सीट आणखी थोडी मागे गेली. मग सियागंजातून घट्ट फोम आणून गादी मूळच्यापेक्षा पातळ करून घेतली. पातळ पण घट्ट, मऊ नाही. एवढ्यावर टोपी घालून बसता येऊ लागलं.

डोक्याला जागा मिळावी म्हणून उंच माणसं एक युक्ती करतात, ती करू नका. सस्पेन्शनच्या सीटला वजनाचा नॉब असतो. तो आपल्या वजनापेक्षा कमीवर ठेवला की सीट खाली बसते आणि वर जागा झाल्यासारखी वाटते. पण मग स्प्रिंगला खाली जायला वाव उरत नाही आणि मेर ओलांडताना सीट तळाला आपटते. उभ्या हादऱ्यांचा त्रास माणसाच्या शरीराला साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांच्या टप्प्यात सर्वांत जास्त होतो, आणि सीटचं कामच ते हादरे मधल्यामध्ये खाऊन टाकण्याचं. नॉब स्वतःच्या वजनावर ठेवायचा, बसल्यावर सीट तिच्या चालीच्या मध्यावर यायला हवी. भेरू आणि मी आलटून पालटून चालवतो, त्यामुळे हा नॉब रोज फिरतो. त्याला एव्हाना ते पाठ झालंय. माझ्या मुलाला अजून नाही.

लोहामंडीतला एक लेथवाला कॉलममध्ये दोन इंचांचा तुकडा टाकून द्यायला तयार होता. हल्लीच्या हायड्रोस्टॅटिक स्टीअरिंगमध्ये चाक आणि पुढच्या टायरांमध्ये लोखंडी दांड्याचा जोड नसतो, मधे तेलाचे पाइप असतात, त्यामुळे ‘काही होत नाही’ असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. पाइप तेलाचे असले तरी त्या युनिटला फिरवणारा दांडा कॉलममधूनच जातो, आणि भरलेल्या ट्रॉलीसह उज्जैन रोडवर वेल्डिंगचा तो जोड सुटला तर हातात नुसतं चाक राहील. सीटमध्ये हवे ते बदल करा, स्टीअरिंगच्या वाटेला जाऊ नका.

दोन गोष्टी मनापासून आवडल्या. गिअर बाजूला आहेत. जुन्या ट्रॅक्टरचा मधला गिअर माझ्या दोन गुडघ्यांमध्ये यायचा, ती कटकट गेली. आणि हँड थ्रॉटल, म्हणजे हाताने लावायचा अ‍ॅक्सिलरेटर, हाताशी आहे, त्यामुळे शेतात उजवा पाय मोकळा ठेवून लांब करता येतो. उंच माणसाला ही चैन नाही, गरज आहे.

एक तक्रार वाढत चालली आहे. टिल्टचं कुलूप सैल होतंय. बटाट्याच्या सऱ्यांवरून आडवं गेलं की कॉलम हळूहळू छातीकडे सरकतो. एकदा घट्ट करून घेतलं, गहू काढेपर्यंत पुन्हा तसंच. घेताना हे कुलूप दातांचं आहे की नुसतं दाबावर धरणारं, ते वाकून बघा. दातांचं जास्त टिकतं.

केबिनचा ट्रॅक्टर बिनकेबिनच्यापेक्षा काही लाखांनी महाग पडतो. पाच फूट दहा इंचांपर्यंत उंची असेल तर खुशाल घ्या. सहा फुटांच्या वर असाल तर बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राचा अहवाल मागून घ्या. ड्रायव्हरच्या कानाशी किती आवाज आणि किती हादरे, हे आकडे त्यात असतात. पण गुडघ्याचं उत्तर कुठल्याच अहवालात मिळणार नाही. त्यासाठी शेतातले बूट घालून शोरूमला जा, दार लावून घ्या, नॉब आपल्या वजनावर आणा, क्लच पूर्ण दाबा आणि सोडताना चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग त्याच स्थितीत मान वळवून मागची लिंकेज, म्हणजे अवजार जोडायचे दांडे, दिसते का ते बघा. सेल्समन तोवर टचस्क्रीन दाखवत असेल, दाखवू द्या.